सहाशे फेरे

गाव माणसांना नावानं ओळखतं,
सुगत मीटरनं.
ढेंगऱ्यांच्या पडवीत शिरून म्हणतो,
"चार हजार दोनशे अकरा."
ढेंगरे आजी म्हणते, "बस रे बाप्पा, जेवला काय?"
तो म्हणतो, "काल चार हजार दोनशे नऊ होतं."
त्याच्या लेखी बोलणं झालं.
तो पुढच्या दारात.

नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर एक शब्द लिहून दिला.
सातऱ्यावर मिरचीचे देठ खुडता खुडता
तो मी बायांना सांगून पाहिला.
वनमाला म्हणाली, "अस्पर... हे कोनतं गाव व्हय वं?"
हसलो सगळ्या. ठसका लागला.
डोळ्यांतून आलं ते पाणी
मिरचीच्या नावावर खपलं.

संध्याकाळी हात पेटलेले असतात.
तेल लावा, ताकात बुडवा,
नखांतली आग रात्रभर जागीच.
तो लहान होता तेव्हा वाटायचं,
या हातांमुळंच अंग चोरतो.
मग सातरा बंद असायच्या दिवसांत
थंडगार हात त्याच्या गालाला लावून पाहिले.
तेव्हाही चोरलं.
त्यानंतर हातांवर राग धरला नाही.

मीटर दाराच्या वर. तो स्टुलावर.
काचेमागं चकती, चकतीवर काळी खूण,
खूण समोर आली की एक फेरा.
सहाशे फेरे म्हणजे एक युनिट.
हे त्यानं मला जितक्यांदा सांगितलं
तेवढी वीज जळली असती
तर घर विकून बिल भरावं लागलं असतं.

आबा गेले, तो रडला नाही.
पाव्हण्यांनी भरल्या घरात विचारलं,
"बर्फाची पेटी रात्रभरात किती युनिट खाते?"
मोठ्या दिरांनी हात उगारला.
मी मधे गेले.
रोज सकाळी स्टूल आबा धरायचे,
हे त्या गर्दीत कोणाला सांगणार.

मग नवी मीटरं आली.
गुळगुळीत, पांढरी, आत चकतीच नाही,
नुसता लाल ठिपका लुकलुकतो.
एका दुपारी लाइनमननं आख्खी गल्ली बदलली,
जुनी मीटरं पोत्यात भरली, कांदे भरावे तशी.

सुगत तीन दिवस पलंगाखाली.
घराघराचे शेवटचे आकडे म्हणत राहिला,
जिथं थांबले तिथले.
लोक म्हणाले, "आज्यासाठी नाही रडला,
मीटरासाठी रडते पोट्टा."
ऐकून घेतलं.
रात्री मीही सरपटत आत गेले,
मधे एक वीत जागा सोडून पडले.
ढेंगरे. लांजेवार. पिठाची चक्की. शाळा.
मधेच एक आकडा आला, रांगेतला नव्हता.
"हा कोनाचा रे?"
"आपलाच. आबांनी शेवटचं स्टूल धरलं
त्या दिवशीचा."
आणि लगेच पुढं, ग्रामपंचायत.

वनमालाच्या नवऱ्यानं खबर आणली,
तलावापलीकडं पंपघरावर एक जुनं राहिलंय.
दुसऱ्याच दिवशी मी खाडा केला.
पाळीवरून निघालो, तो पुढं,
मागं मी, डोक्यावर स्टूल.
धुणं धुणाऱ्या बायांनी विचारलं, "कुठं वं, लग्नाले?"
म्हटलं, "हाव."

मोटर चालू होती.
चकती अशी फिरत होती की खूण दिसेना, रेघच दिसायची.
मला वाटलं, हिरमुसेल.
त्यानं मान तिरपी केली, डोळे बारीक केले,
आणि ओठ हलायला लागले.
मीही मोजू लागले. चाळिसाच्या आसपास चुकले.
तो चुकला नाही.
मधे एकदा, खाली न पाहता, म्हणाला,
"आबा दोन्ही हातांनी धरत."

मी दुसरा हात लावला.
कालची आग बोटांत होतीच.
स्टुलाच्या लाकडाला त्याचं काही नव्हतं.